घटाचे भाकीत व कास्तकाराची नोंदवही

वैशाख शुद्ध तृतीया जवळ आली म्हणजे वऱ्हाडातील कास्तकार मंडळींच्या तोंडी एकच प्रश्न असतो : यंदा भेंडवळचा घट काय सांगतो ? बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात हे गाव आहे. तेथे अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी घट मांडतात, आणि दुसरे दिवशी पहाटे त्याचे निरीक्षण करून पावसाचे, पिकांचे व राज्यकारभाराचे भाकीत सांगतात. ते ऐकण्यास अकोला व अमरावतीकडील शेतकरी दुरून जातात. पूर्वी हे भाकीत आठवडी बाजारात तोंडोतोंडी पसरत गावोगाव पोचे. हल्ली सूर्य कासराभर वर येण्याच्या आत ते प्रत्येकाच्या हातातील मोबाईलवर येऊन पडते.

या विषयावर दोन पक्ष आहेत, व दोघेही आवेशाने बोलतात. एक म्हणतो, ही पूर्वजांची विद्या आहे, तीवर शंका घेणे हेच पाप. दुसरा म्हणतो, हा निव्वळ भोळसटपणा आहे, तो बंद पाडावा. या वादात ज्याच्या नावाने तो चालतो त्या कास्तकाराला मात्र कोणी विचारीत नाही की, बाबा रे, हे भाकीत ऐकून तू आपल्या वावरात नेमके काय करतोस ? आम्ही महसुली दप्तरात उभी हयात काढली आहे. पीकपाहणीचे कागद, आणेवारीचे तक्ते व तगाईच्या याद्या लिहिता लिहिता आम्हांस एवढेच कळले की, गोष्ट खरी की खोटी हे वादाने ठरत नसून नोंदीने ठरते. त्याच दृष्टीने या विषयाचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम विधी कसा आहे तो पाहू. वाघ घराण्याचे पूर्वज चंद्रभान महाराज यांनी ही चाल घातली व तिला तीनशेहून अधिक वर्षे झाली, असे परंपरेने सांगतात. गावाबाहेर शेतात गोल घट आखतात. त्याच्या कडेने अठरा धान्ये मांडतात : गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, हरभरा, मठ, मसूर, वाटाणा, लाख, जवस, तीळ, करडी, अंबाडी, सरकी व भादली. मधोमध खड्डा करून त्यात मातीची चार ढेकळे ठेवतात. ती पावसाळ्याच्या चार महिन्यांची. त्यांवर पाण्याने भरलेली घागर, आणि तिच्यासोबत पापड, कुरडई, सांडोळी, भजे, वडा, करंजी. पानाचा विडा व सुपारी हे राजाचे व त्याच्या गादीचे चिन्ह. रात्रभर तेथे कोणी फिरकत नाही. पहाटे कोणते ढेकूळ किती भिजले, कोणते धान्य जागचे हलले, कोणते बाहेर सांडले, विडा जागेवर आहे की नाही, हे पाहून वर्षाचा निवाडा सांगतात.

आता हा विधी ज्या काळी होतो तो काळ ध्यानात घ्यावा. रब्बीचे धान्य घरात आलेले असते. उन्हाळवाही होऊन वावरे तापत पडलेली असतात. मृगास अजून काही आठवडे अवकाश असतो. घरोघरी पापड, कुरडया, सांडोळ्या नुकत्याच वाळून डब्यांत गेलेल्या असतात. त्याच दिवशी पितरांच्या नावाने घागर भरून पाणी देण्याची आपली चाल आहे. म्हणजे मागचे वर्ष मिटले व पुढचे उघडले नाही अशा उंबरठ्यावर हा घट बसतो, आणि घरात त्या वेळी जे असते तेच त्यात मांडले जाते. बियाणे कोणते, पैसा कोणाकडून, ठोक्याने वावर करावे की न करावे, हे सारे विचार याच दिवसांत माणसाच्या मनात घोळतात. अशा वेळी चार माणसांनी एकत्र बसून पुढील चार महिन्यांचा विचार करावा, ही कल्पना आम्हांस शहाणपणाची वाटते. तिला हसणाऱ्याने कोरडवाहू शेती केलेली नाही, एवढेच म्हणावे लागते.

हा प्रकार केवळ आपल्याकडेच आहे असेही नाही. जपान देशात शिंतो नावाचा प्राचीन देवधर्म आहे. डोंगर, पाणी, वृक्ष, भात यांच्या ठायी देवत्व मानून ऋतूऋतूंचे उत्सव करणे हे त्याचे मुख्य अंग होय. फेब्रुवारीच्या १७ तारखेस तेथील देवळांत वर्ष चांगले पिकावे म्हणून मागणे मागतात, आणि नोव्हेंबरच्या २३ तारखेस नवे धान्य देवास वाहून उपकार मानतात. हा दुसरा दिवस १९४८ साली तेथील सरकारने ‘श्रमाबद्दल कृतज्ञतेचा दिवस’ म्हणून राष्ट्रीय सुटीचा ठरविला. मागणे व कृतज्ञता या दोहोंच्या मध्ये शेतातील श्रम आहेत, हे त्या नावातच आले.

त्याच देशात नागानो प्रांतातील सुवा या पुरातन देवस्थानात आपल्या घटमांडणीचे सख्खे भावंड शोभेल असा एक विधी होतो. जानेवारीच्या १४ तारखेच्या रात्री मोठ्या कढईत तांदूळ व तांबडे कडधान्य यांची पेज शिजत ठेवतात, आणि तीत बोरूच्या ४४ नळ्या सोडतात. रात्रभर पेज शिजते. पहाटे नळ्या काढून चिरतात व आत शिरलेल्या दाण्यांवरून भविष्य वाचतात. ४३ नळ्या निरनिराळ्या पिकांच्या, व उरलेली एक जगाच्या एकूण हालहवालाची. आपल्याकडे विडा-सुपारी जे काम करते तेच काम तेथे ती शेवटची नळी करते. रात्रभर वाट पाहणे, पहाटे उलगडा, पिकागणिक वेगळा निवाडा व शेवटी राज्याचा हालहवाल : हजारो कोसांवरील दोन शेतकरी समाज एकमेकांस न विचारता एकाच ठिकाणी येऊन पोचले. पावसाच्या हाती ज्याचे वर्ष आहे तो मनुष्य कोठेही असो, त्याचे काळीज सारखेच धडधडते, हाच याचा अर्थ.

परंतु या दोन विधींत एक भेद आहे, व तो आमच्यासारख्या कारकुनाच्या नजरेतून सुटत नाही. सुवा येथील भाकीत अंकांत सांगतात. पाच भागांपैकी अमुक इतके भाग, असा हिशेब असतो. जगाच्या नळीस साडेतीन भाग आले, असे ते जाहीर करतात. आपल्या आणेवारीचीच ही रीत झाली. सोळा आण्यांचे पीक पूर्ण धरून यंदा किती आणे आले ते आपण ठरवीत होतो. १९५७ साली दशमान नाणे आले, तेव्हा आणेवारीची पैसेवारी झाली. आजही विदर्भात अंतिम पैसेवारी ३१ डिसेंबरला जाहीर होते, आणि ज्या गावची ती ५० पैशांच्या आत येते त्या गावाकडे टंचाईच्या दृष्टीने पाहिले जाते. अंक एकदा कागदावर चढला म्हणजे तो पळून जात नाही. पुढे कोणासही तो तपासता येतो.

आपल्या घटाचे भाकीत मात्र बहुधा शब्दांत असते : पाऊस सर्वसाधारण पण लहरी, अमुक महिन्यात कमी-जास्त, अमुक पीक मोघम, भावात तेजी-मंदी. आता वाचकांनीच सांगावे, वऱ्हाडात ‘पाऊस लहरी’ हे वाक्य कोणत्या वर्षी खोटे ठरेल ? जे कधीच खोटे ठरू शकत नाही ते खरे ठरले असे म्हणण्यातही काही अर्थ उरत नाही. शिवाय हे एकच भाकीत कोणास लागू धरावयाचे ? चिखलदऱ्याच्या माथ्यावर अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस पडतो. पूर्णेच्या दोन्ही अंगांस खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील चोपण काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून जो पाऊस शेजारच्या मुरमाड वावराला अमृत होतो तोच तेथे पीक पिवळे पाडतो. मातीच्या चार ढेकळांनी या सर्वांच्या वतीने बोलावे, ही अपेक्षा ढेकळांवरही अन्यायाचीच होय.

यावर कोणी म्हणेल, सरकारी हवामान खाते तरी कोठे बरोबर सांगते ? प्रश्न रास्त आहे. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले, व १८८६ पासून ते मोसमी पावसाचा अंदाज सांगत आले आहे. २००२ साली त्याने देशात सरासरीच्या १०१ टक्के पाऊस पडेल असे सांगितले; प्रत्यक्षात ८१ टक्केच पडला. जुलै महिन्यात सरासरीच्या निम्म्याच्या आसपासच पाऊस पडला व अनेक भागांत पिके करपली. चूक लहान नव्हती. परंतु पुढे काय झाले ते पाहावे. आकडा लेखी होता म्हणून चूक लपविता आली नाही. चूक दिसली म्हणून २००३ पासून खात्याने अंदाजाची पद्धत बदलली. चुकणे हा दोष कोणासही टळत नाही. परंतु जेथे नोंद असते तेथे चूक पुढच्या वर्षाची शिक्षक होते, आणि जेथे नोंद नसते तेथे ती दरवर्षी नव्याने जन्म घेते.

जपानातही असेच झाले आहे. आपले हवामान खाते निघाले त्याच १८७५ साली तोकियो येथे सरकारी वेधशाळा सुरू झाली. आणि १९४७ साली शेतीच्या नैसर्गिक नुकसानीची भरपाई करणारा कायदा तेथे झाला. एकीकडे देवळातील पेज, दुसरीकडे वेधशाळेची नोंदवही व तिसरीकडे विम्याचा कागद, ही तिन्ही तेथे शेजारीशेजारी नांदतात. आपल्या कोरडवाहू कास्तकाराची गोष्ट निराळी आहे. त्याच्या पाठीशी पाण्याची सोय नाही, विम्याची भरपाई मिळेतो दुसरा हंगाम येतो, आणि भाकिताचे ऐकून उचललेल्या पावलाचा भुर्दंड त्याला एकट्याला सोसावा लागतो.

तो भुर्दंड कसा बसतो ते स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘पहिल्या महिन्यात पाऊस चांगला’ असे कानी आले की कित्येक जण मृगाच्या पहिल्याच शिडकाव्यावर तिफण जुंपतात. काही जण तर कपाशीची धूळपेरणीच करून मोकळे होतात. मग पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की कोंब जमिनीतच करपतो. सोयाबीनला एकरी सुमारे ३० किलो बियाणे लागते. ते गेले, सोबत पेरलेले खत गेले, मजुरी गेली, आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा सावकाराचा उंबरठा आला. उलटपक्षी ‘पाऊस उशिरा’ असे ऐकून चांगली ओल हातची घालविणारेही आहेत. मूग-उडदाची पेरणी जुलैच्या पहिल्या आठवड्यापलीकडे गेली की उत्पन्न घटते, हे कोणाही जुन्या कास्तकारास ठाऊक आहे. या नुकसानीचा दोष कोणी घटावर ठेवीत नाही व घटही तो घेत नाही. तो मुकाट्याने नशिबाच्या खाती लिहिला जातो. आमची तक्रार आहे ती नेमकी याच खतावणीबद्दल.

म्हणून आमचे प्रांजल मत असे की, घट बंद पाडू नये, आणि घटावर पेरूही नये. दर्शनास जावे, चार गावची माणसे भेटावीत, बोलणी व्हावीत, पितरांना पाणी द्यावे. परंतु तिफण जुंपण्याचा निर्णय ही श्रद्धेची बाब नसून व्यवहाराची आहे, व व्यवहाराला पुरावा लागतो. ‘श्रद्धेस तराजू लावू नये’ असे जे म्हणतात त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे : श्रद्धेस लावू नका, पण बियाण्याच्या पिशवीस तर लावाल ? आणि जे सरसकट उपहास करतात त्यांनीही एक गोष्ट विचारात घ्यावी. सरकारी अंदाजपत्रक ‘सरासरीच्या १०४ टक्के’ असे म्हणते. ते साऱ्या देशाच्या चार महिन्यांच्या सरासरी ८७ सेंटिमीटर पावसाचे असते. त्यातून तेल्हाऱ्याच्या किंवा दर्यापूरच्या पाच एकरवाल्याने काय उमजावे ? घट निदान तिळाचे तिळाला व तुरीचे तुरीला वेगळे सांगतो, त्याच्या भाषेत सांगतो, समोर बसून सांगतो. ही त्याची जागा दुसऱ्याने नीट भरल्याशिवाय ती उपहासाने रिकामी होणार नाही.

आता करावयाचे काय, ते आम्ही तीन कलमांत सांगतो. यास पैसा जवळजवळ लागत नाही, चिकाटी लागते.

पहिले कलम नोंदवहीचे. प्रत्येक गावच्या शेतकरी मंडळाने एक जाड पुठ्ठ्याची वही करावी. तीत सहा रकाने आखावेत : वर्ष, घटाचे भाकीत, जसे ऐकले तसेच, शब्द न बदलता, हवामान खात्याचा अंदाज, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर महिन्यामहिन्यास प्रत्यक्ष पडलेला पाऊस, गावातील पेरणीची व मोड झाली असल्यास तिची तारीख, आणि डिसेंबरअखेरची पैसेवारी. पहिले दोन रकाने अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्याच दिवशी भरून त्याखाली पाच पंचांच्या सह्या घ्याव्यात. नंतर त्यात खाडाखोड करू नये. मागाहून सुचलेली दुरुस्ती भाकितात घुसडता येऊ नये, एवढ्याचसाठी ही सह्यांची तजवीज आहे. दहा वर्षे अशी वही चालली म्हणजे कोणत्या भाकितावर किती विसंबावे हे ठरविण्यास ना व्याख्यान लागेल ना भांडण; पाने उलटली की झाले. त्यात घट खरा ठरला तर आम्ही आनंदाने तसे लिहू. हवामान खाते आमच्या तालुक्यापुरते सारखे चुकते असे दिसले, तर तीच वही पुढे ठेवून आपणास तालुकावार अंदाज मागता येईल. आज आपली तक्रार तोंडी आहे म्हणून ती कोणी ऐकत नाही.

दुसरे कलम पेरणीचे. अंदाज कोणाचाही असो, जमिनीत ओल किती उतरली तीवर पेरावे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये, असे कृषी खाते व अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ वारंवार सांगत असतात. हा आकडा मोजण्यास गावी पर्जन्यमापक असला तर उत्तमच. नसला तर वावरात वीतभर खणून मुठीत माती दाबून पाहावी. तिचा लाडू वळला व वरची ओल खालच्या ओलीस भिडली, तर तिफण बाहेर काढावी. मृग लागला म्हणून नव्हे, शेजाऱ्याने पेरले म्हणून नव्हे, आणि ढेकूळ भिजले होते म्हणून तर मुळीच नव्हे.

तिसरे कलम आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. अक्षय्य तृतीयेस प्रत्येक घरी आपला स्वतःचा घट मांडावा, तो असा : घरच्या सोयाबीनच्या बियाण्यातील शंभर दाणे निवड न करता मोजून घ्यावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत ते ठेवून वर दुसरे ओले गोणपाट झाकावे, गुंडाळी करून सावलीत ठेवावी व रोज पाणी शिंपडावे. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून चांगले सुदृढ कोंब मोजावेत. सत्तर किंवा अधिक निघाले तर बियाणे पेरणीयोग्य. थोडे कमी निघाले तर त्या मानाने एकरी बियाणे वाढवावे. फारच कमी निघाले तर ते विकून दुसरे पाहण्यास मृगापर्यंत अवकाश आहे. सोयाबीनच्या सरळ वाणाचे घरचे बियाणे तीन वर्षांपर्यंत वापरता येते. म्हणजे ज्या घरी हा घट मांडला जातो त्या घरी बियाण्याचा मोठा खर्च वाचतो व उगवणीची धास्ती जाते. नवरात्रात घटाभोवती धान्य पेरून त्याचे कोंब आपण पाहतोच; तीच दृष्टी वैशाखात बियाण्याकडे वळवावयाची आहे. हा घट जे सांगतो ते अंकांत सांगतो, आणि आपल्याच वावराविषयी सांगतो.

जाता जाता एक गोष्ट भेंडवळच्या अठरा धान्यांविषयी. त्या यादीत भादली आहे, जवस आहे, अंबाडी आहे, करडी आहे, लाख आहे. परंतु आज ज्या पिकाने आपली निम्मी वावरे व्यापली आहेत ते सोयाबीन नाही. ते वऱ्हाडात पसरून चार दशकेही झाली नाहीत, त्यामुळे जुन्या यादीत त्याला जागा नसणे स्वाभाविक आहे. पण याचाच दुसरा अर्थ असा की, आपल्या आजोबांच्या वावरात काय काय पिकत होते त्याची हजेरीपत्रिका दरवर्षी त्या घटाच्या कडेने मांडली जाते, आणि भाकीत ऐकण्याच्या घाईत ती कोणी वाचत नाही. एक पीक गेले तर दुसऱ्याने घर चालावे, अशी ती व्यवस्था होती. त्यांपैकी किती धान्यांचे बी आपल्या गावात आज शिल्लक आहे, याची यादी मंडळाने नोंदवहीच्या शेवटच्या पानावर करावी, आणि जी आढळतील त्यांचे दोन-दोन तास तरी धुऱ्याकाठी पेरून बी जिवंत ठेवावे.

ज्या गावी येत्या तृतीयेस अशी वही सुरू होईल, त्या गावच्या मंडळींनी पहिल्या पानाची नक्कल या मासिकाकडे पाठवावी. पाऊस कोणाच्याही हातचा नाही. बियाणे, ओल व वही या तीन गोष्टी मात्र आपल्या हातच्या आहेत, आणि त्या तरी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून सोडू नयेत, एवढीच कास्तकार बंधूंस विनंती आहे.